'सहभागींना धोका: नाही' असं लिहिलं आणि अर्ज परत आला. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलाखतीत धोका शोधायचा कसा?

मलप्रभाकाठची

नमस्कार मंडळी. मी बेळगावात समाजकार्य विषयात पीएचडी करते. घर खानापूर तालुक्यात, पण अभ्यास निपाणी आणि आजूबाजूच्या गावांचा. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची मिळकत, कर्ज आणि दुखणी असा विषय. साठ बायकांच्या मुलाखती, एकेक तास-सव्वा तासाची, आणि वर तीन-चार गटचर्चा.

संशोधनानं कुणाला त्रास होणार नाही ना हे बघून मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या अर्जात एक रकाना होता: 'सहभागींना संभाव्य धोके व ते कमी करण्याचे उपाय'. मी लिहिलं, 'धोका नाही. फक्त मुलाखती आहेत.' लिहिताना जराही शंका आली नाही. रक्त काढायचं नाही, गोळी द्यायची नाही, मग धोका कसला? पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. एका ओळीचा शेरा: 'धोके शोधून पुन्हा सादर करा.' कुठले शोधू ते नाही. गाइड म्हणाले, मागच्या वर्षीच्या कुणाचा तरी परिच्छेद घे, 'किरकोळ मानसिक अस्वस्थता संभवते' वगैरे, होऊन जाईल.

तेच करणार होते. पण त्याआधी प्रश्नावली चालते का बघायला मी एका गावात तिघींशी बोलून आले होते. (होय, मंजुरीआधी. बोलणी खायची तयारी आहे.) कर्नाटकातल्या शक्ती योजनेमुळं बायकांना बस फुकट. सकाळी बेळगावहून निघाले, तवंदी घाट ओलांडून दहा-साडेदहाला निपाणी. एक मावशी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. मी शेजारी बसून विचारत गेले: हजार विड्यांना किती मिळतात, छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या, पैसे न मिळणाऱ्या विड्या) किती काढतात, पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालता का. त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. शेजारच्या दोघी ऐकत होत्या, पोरं घोटाळत होती, रस्त्यानं माणसं येत-जात होती. मला तर वाटलं, काय छान मोकळं वातावरण आहे!

परवा पुन्हा गेले तर मावशी मला बघून सूप उचलून आत गेल्या. मागोमाग गेले तेव्हा म्हणाल्या, "बाळ, तू बशीत बसून जातीस. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय." त्या आठवड्यात त्यांच्या विड्यांत छाट दुपटीनं निघाली होती. विड्या मोजून घेणारा एवढंच म्हणाला म्हणे, "बेळगावची बाई आलती न्हवं मोजायला? जा, तिच्याकडनं भरून घे."

माझ्यामुळंच झालं की त्या दिवशी विड्याच खराब होत्या, मला सांगता येणार नाही. पण रात्री झोप लागली नाही हे खरं. तर विचारायचंय ते असं: असले धोके आधी ओळखायचे कसे? आणि उपाय म्हणून 'गोपनीयता राखली जाईल' याच्या पुढं लोक काय लिहितात, काय करतात?

चिक्कोडीची_आशा

बाळ, मी चिक्कोडी तालुक्यात आशा कार्यकर्ती, बारा वर्षं झाली. तुझ्यासारख्या पोरी वर्षाला दोन-तीन येतात. पहिल्यांदा आमच्याकडंच येतात, "अक्का, जरा चार घरं दाखवा की." आम्ही दाखवतो. तुझं वाचून माझं मलाच आठवायला लागलंय.

मी सोबत असले की बाई नाही म्हणत नाही. तिला बाळंतपणाला दवाखान्यात मी नेलेली असते, पोराच्या डोसाची आठवण मी केलेली असते. ती 'हो' म्हणते ते मला, तुला नव्हे. तिला वाटतं हे काहीतरी सरकारी आहे. मग तू मिळकत विचारतेस आणि तिच्या डोक्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आणि बीपीएल कार्ड फिरायला लागतं. खरं सांगितलं तर कार्ड जाईल, ही भीती. एक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. "अक्का, काल लिवून घेतलेलं खोडता येईल काय?" मी म्हटलं बघते. कुठलं बघते? ती पोरगी कधीच पुण्याला गेलेली.

म्हणून आशा, अंगणवाडी सेविका, पंचायत सदस्य, मुकादम यांच्यातल्या कुणालाही मुलाखतीला बसवू नकोस. घर दाखवायला आलो तर दारातूनच परत पाठव, आम्ही रागावणार नाही. (एखादी रागावेलही. रागावू दे.) आणि 'खोडता येईल काय' याची सोय कर. कुठल्या नंबरावर, कधीपर्यंत सांगायचं, ते कागदावर लिहून दे.

दुसरं. तू खोकल्याचं विचारणार. तंबाखूची धूळ, त्यामुळं निम्म्या बायका 'हो' म्हणणार. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की आम्ही थुंकी तपासायला पाठवतो. क्षयरोग निघाला तर २०१२ पासून त्याची सरकारकडं नोंद करावीच लागते. हे तिला आधी सांगणार आहेस की खोकला ऐकून घेऊन, वहीत टिक मारून निघून जाणार आहेस? आणि 'थुंकी तपासून घ्या' हे शेजारणीसमोर बोललीस तर घरातल्या पोरीच्या लग्नाला ते आडवं येतंय, एवढं ध्यानात ठेव.

बाहेरचा_सदस्य

मी वकील. एका कॉलेजच्या एथिक्स कमिटीत बाहेरचा सदस्य म्हणून बसतो. (मुद्दाम इंग्रजी शब्द वापरतोय. आमच्याकडं नुसतं 'समिती' म्हटलं की लोक बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणारी एकीकरण समितीच समजतात. पहिल्या बैठकीला निघालो तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "मोर्चा कुठून आहे?")

आधी बोलणी खाऊन घ्या. मंजुरीआधी गेलात हे चुकलंच. आता ते लपवू नका. त्या तिघींची माहिती अभ्यासात धरू नका, आणि झालं ते जसंच्या तसं अर्जात लिहा. धोक्याच्या रकान्यात लिहायला याहून चांगला पुरावा तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याच्या पायऱ्या दिल्यात: किमानपेक्षा कमी, किमान, किमानहून थोडा वरचा आणि जास्त. किमान म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्यात असतो तेवढा. इथं मी नेहमी अडतो. कुणाच्या रोजच्या जगण्यात? तुमच्या मावशीच्या रोजात छाट आहे, कर्जाचा हप्ता आहे, तंबाखूची धूळ आहे. ते माप धरलं तर तिच्यावर काहीही लादा, किमानच ठरेल. माप धरायचं ते धडधाकट, पोटापाण्याची चिंता नसलेल्या माणसाच्या रोजच्या दिवसाचं. काही सदस्यांना हे पटत नाही. मी मात्र त्याच मापानं अर्ज वाचतो.

आता शोधायचं कसं. प्रश्नावली पुढ्यात घ्या आणि प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: याचं उत्तर कुणाच्या कानावर गेलं तर बाईचं बिघडेल? नवरा, सासू, मोजणारा, कर्जाचा हप्ता वसूल करणारा हप्तेवाला, पोलीस, पंचायत. किती बिघडेल, आणि तसं होण्याची शक्यता किती? 'मुलाखत' हा शब्द निरुपद्रवी वाटतो, कारण आपण मुलाखतीचा तास बघतो. नुकसान होतं ते तासानंतर, आपण तिथं नसताना.

दोन प्रश्न मला तुमची प्रश्नावली न बघताही दिसतात. पहिला लग्नाच्या वयाचा. समोर सतरा वर्षांची विवाहित मुलगी बसली असेल तर तिच्या उत्तरानं तुम्हाला पोक्सो (अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायद्याखालचा गुन्हा कळलेला असेल. कलम १९ प्रमाणं ज्याला माहिती झाली त्यानं कळवायचं, संशोधक म्हणून सूट नाही. तुमच्या विषयाला या प्रश्नाची गरज नसेल तर तो काढा आणि अठराच्या वरच्याच बायका घ्या. गरज असेल तर संमतीच्या वेळी स्पष्ट सांगा की ही एक गोष्ट मी पोटात ठेवू शकणार नाही. सगळं गुप्त राहील असं म्हणून बसायचं आणि नंतर पोलीस ठाण्याची पायरी चढायची, याला मी फसवणूकच म्हणेन.

दुसरा कर्जाचा. बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या वसुलीनं काय झालं ते आपण बघितलंय. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. तुम्ही कर्जावर गटचर्चा घेणार म्हणता. त्या गटातल्या बायका बहुधा एकमेकींच्या जामीन असतात! एकीनं 'पुढचा हप्ता जमणार नाही' म्हटलं की उरलेल्या चौघी त्याच संध्याकाळी तिच्या दारात. तुम्ही ओठ शिवून बसाल, पण गटातल्या बाकीच्यांचे कसे शिवणार? कर्जाचं एकटीला विचारा. गटात कामाच्या पद्धतीबद्दल बोला, पाठदुखीबद्दल बोला.

संमतीपत्राबद्दल. आपल्या भागात ही गंमत आहे की पन्नाशीची बाई मराठी वाचते आणि तिची सून कन्नड, कारण शाळा कन्नड. मराठीत छापलं की कुणीतरी म्हणणार हे 'समिती'चं, कन्नडमध्ये छापलं की म्हणणार सरकारचं. दोन्हीत छापा, पण भिस्त कागदावर ठेवू नका. तिच्या बोलीत तोंडी सांगा आणि तिच्याकडून परत सांगून घ्या. 'काय काय विचारणार म्हटलं मी? नको वाटलं तर काय करायचं?' अंगठा घेणार असाल तर त्रयस्थ साक्षर साक्षीदार लागतो, आणि तो मुकादमाचा भाचा नको. शिवाय सहीचा कागद हाच जर तिचं नाव तुमच्या अभ्यासाशी जोडणारा एकमेव पुरावा असेल, तर सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगी कमिटीकडं कारणासकट मागा.

'हो' कुणाचं आहे हे आशाताईंनी फार नेमकं सांगितलंय. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा प्रकल्प झाला. त्यात कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं निघालं. तो प्रकल्प थांबवावा लागला, संसदीय समितीपर्यंत गेला. मुलीच्या वतीनं 'हो' म्हणायला कुणीतरी वजनदार माणूस सापडला की आपलं काम सोपं होतं. तिथंच सावध व्हायचं.

आकडेमोड्या

वकीलसाहेबांनी बरंच सांगितलं, मी फक्त फोनबद्दल. मुलाखत फोनवर रेकॉर्ड करणार ना? ती गूगल ड्राइव्हवर आपोआप जाते. मग तुम्ही 'सर, हे ऐका' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर गाइडला धाडता. एक आवाज, तीन ठिकाणी. आणि गावात माणूस आवाजावरून ओळखतात. साधा वेगळा रेकॉर्डर घ्या. फोनच वापरायचा असेल तर आपोआप कॉपी होणं आधी बंद करा, ऐकून लिहून काढलं की आवाज पुसा, आणि पुसण्याची तारीख अर्जातच लिहा.

नाव काढलं की ओळख गेली असं समजू नका. लतान्या स्वीनी या संशोधिकेनं अमेरिकेतल्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर तिथले ८७ टक्के लोक एकटे वेगळे काढता येण्यासारखे होते. आपल्याकडं तर पिनकोडही नको. 'हायवेलगतच्या गावातली पंचावन्न वर्षांची विधवा, मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत, सून गोकाककडची' एवढं प्रबंधात छापा, निपाणीच्या बाजारातलं शेंबडं पोरही घर दाखवेल. वय 'पन्नाशीतली' असं लिहा, गावाचं नाव नको, मुलाची नोकरी विषयाला लागत नसेल तर उडवा. नाव आणि क्रमांकाची जोडी दाखवणारी वही वेगळ्या कुलपात. लॅपटॉपवर तर नकोच.

निपाणीचा_पोरगा

माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. तिची मुलाखत चार-पाच जणांनी घेतली असेल. एकानंही परत येऊन काय लिहिलं ते सांगितलं नाही. एकदा फोटो मात्र पेपरात आला. फोटो आईचा, खाली नाव भलत्याच बाईचं. त्या बाईचं आमच्या आईशी दोन महिने भांडण.

ताई, दिवसभर बसून हजार विड्या होतात. म्हणजे तासाला शंभरेक. तुमच्या सव्वा तासात तिच्या सव्वाशे विड्या बुडतात, नाहीतर ती रात्री दिव्याखाली बसून भरून काढते. हा धोका कुणीच लिहीत नाही, कारण तो साहेब लोकांना दिसत नाही. पैसे द्या. बिस्किटाचा पुडा आणि स्टीलचा डबा नको. कमिटी म्हणेल आमिष. बुडालेली मजुरी भरून देणं हे आमिष कसं? दुप्पट-तिप्पट दिलं तर गोष्ट वेगळी, मग आजारी बाईसुद्धा उठून बसेल.

आणि वकीलसाहेब, राग नको, पण हा प्रश्न काढा, तो प्रश्न काढा असं करत गेलं तर राहणार काय? छाटीचं कुणी विचारलंच नाही तर मोजणाऱ्याला हवंच आहे की. चांगल्या विड्या छाट म्हणून काढायच्या, पैसे द्यायचे नाहीत आणि त्या विड्या बाईला परतही द्यायच्या नाहीत, हे आमच्या घरात आम्ही ऐकत मोठे झालो. ते छापून आलं पाहिजे. प्रश्न ठेवा, ओटा सोडा.

एक युक्ती सांगतो. एका मोजणाऱ्याकडच्या एकाच बाईला धरू नका. गल्लीतल्या सगळ्या घरांत बसा. काही घरांत नुसता चहा प्या, पावसापाण्याचं बोला. मग कोण काय बोललं याचा पत्ता कुणाला लागतोय? आमच्या मावशीचं काय झालं, तर तुम्ही तिच्याच दारात बसलात.

बाहेरचा_सदस्य

मान्य. 'काढा' असं सरसकट म्हणायचं नव्हतं, 'गरज तपासा' म्हणायचं होतं. छाटीचा प्रश्न तर तुमच्या अभ्यासाचा कणा आहे. त्याच्यापासून बायकांना मिळणारा फायदाही त्याच रकान्यात तोलून लिहा, कमिटी नुसते धोके मोजत नाही. चहाची युक्ती मी पुढच्या बैठकीत सांगणार आहे, तुमचं नाव न घेता.

मलप्रभाकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला दहा दिवस लागले, माफ करा. मधे मावशींकडं जाऊन आले. वही नाही, फोन पिशवीत बंद. त्यांना म्हटलं, "मुलाखत नको मावशी. मी पुन्हा इथं आले तर कुणाला काय त्रास होईल, तेवढंच सांगा." वाटलं होतं बोलणारच नाहीत. सूप बाजूला ठेवून अर्धा तास बोलल्या.

पहिलीच गोष्ट: "तुजी ती पांढरी चप्पल साऱ्या गल्लीला ठाव झालीया. दाराभायेर काढतीस आन् गाव समजतंय कुणाच्या घरात हाय ते. आत घे." मग म्हणाल्या, मोजायची वेळ सोडून ये, विड्या देऊन बाया परत आल्या की ये. सुनेसमोर सासूला कर्जाचं विचारू नको, सासूसमोर सुनेला दुखण्याचं विचारू नको. माझ्या गळ्यातल्या विद्यापीठाच्या ओळखपत्रालाही त्यांचा आक्षेप होता. लांबून हप्तेवाल्याच्या कार्डासारखं दिसतं म्हणे, बघितलं की बाया दार लोटून घेतात! चार वर्षं कॉलेजात संशोधन पद्धती शिकले, हे कुठल्याच तासाला आलं नाही.

धोक्याचा रकाना आता तीन पानं झालाय. चप्पल आत घेण्याचं वाक्यही त्यात आहे. गाइड वाचून हसले, पण खोडलं नाही. कर्जावरची गटचर्चा काढली. लग्नाच्या वयाचा प्रश्न काढला, मला तो लागतच नव्हता, आधीच्या कुणाच्या प्रश्नावलीतून उचललेला. खोकल्याचा ठेवला. पण त्याआधी सरकारी दवाखान्याचं आणि नोंदीचं सांगायचं, असं लिहिलंय. मानसिक त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर छापतेय. तोही नुसता नंबर म्हणून नको, तिला हवं असेल तर माझ्यासमोर लावून द्यायचा. मजुरीचे पैसे मागितलेत, देतील की नाही बघू. आणि प्रबंध द्यायच्या आधी गल्लीत जाऊन काय लिहिलं ते वाचून दाखवायचं, हे निपाणीच्या दादांसाठी.

छाटीत गेलेले पैसे मावशींना द्यायला गेले तर घेतले नाहीत. मुलाखत द्यायलाही नाही म्हणाल्या, नंतर सगळं नीट झालं तरी नाही. माझ्या यादीत आता एकोणसाठ.

अर्ज उद्या चारच्या आत द्यायचाय. एकच गोष्ट अडलीय: अंगठा देणाऱ्या बाईसाठी गावात त्रयस्थ साक्षीदार कोण घ्यावा? शाळेच्या बाई चालतील का, की त्यांचाही गावात दबाव असतो? आज रात्री जागीच आहे, सुचलं तर लिहा.

चिक्कोडीची_आशा

शाळेच्या बाई नको, पोरं त्यांच्या वर्गात असतात. तालुक्याच्या वाचनालयात काम करणारी एखादी, नाहीतर शेजारच्या गावची शिकलेली लेक बघ. तिला बसभाडं नाही, पण जेवायला घाल.